फिलाडेल्फियाच्या गच्चीवर शब्बाथ सरताना

त्या वर्षी चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, शनिवारी आला होता. मी भाचीकडे फिलाडेल्फियाला गेले होते. "मावशी, आज अख्खं शहर रस्त्यावर असतं, चल गाडी काढू," ती म्हणाली. पण मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, अलिबागच्या इस्राएल आळीत वाढलेली. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. शब्बाथला गाडीत बसायचं मन होईना. सकाळी दोघी पायीच लिबर्टी बेल, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची खूण मानली जाणारी जुनी घंटा, बघायला गेलो.

घंटेवरचा तडा सगळ्यांना ठाऊक असतो. मी मात्र वरची अक्षरं वाचून थबकले. तोराहमधलं, आमच्या धर्मग्रंथातलं वचन, लेवीय २५:१०. पन्नासाव्या वर्षी गुलामांना सोडा, देशभर सर्वांना मुक्तता जाहीर करा. लहानपणी मशिदीत (आमच्या प्रार्थनागृहाला आम्ही मशीदच म्हणतो) ऐकलेले शब्द इथे, परदेशात, घंटेवर कोरलेले! डोळ्यांत पाणी आलं.

भाचीच्या खालच्या मजल्यावर एक वयोवृद्ध निवृत्त रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, राहतात. संध्याकाळी त्यांनी मला १७८८ च्या चार जुलैची गोष्ट सांगितली. नव्या राज्यघटनेचा आनंद साजरा करायला याच शहरात मोठी मिरवणूक निघाली होती. तिच्यात ज्यू धर्मगुरू दोन ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या हातात हात घालून चालले. शेवटी जेवणाची जी टेबलं मांडली होती, त्यांतलं एक कोशर होतं, ज्यूंच्या आहारनियमांप्रमाणे. "कुणी कुणाला आपल्यासारखं व्हायला सांगितलं नाही आणि पंगत एकच राहिली," रब्बी म्हणाले. ते टेबल माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

सव्वानऊच्या सुमाराला तीन तारे दिसले, शब्बाथ संपला. लिफ्ट असूनही रब्बी शब्बाथला निरोप द्यायच्या विधीसाठी जिन्याने गच्चीवर आले. एका हातात वेणी घातलेली मेणबत्ती, दुसऱ्यात लवंगांची डबी. वाइन भाचीने आणली. (आमच्या घरी काळ्या मनुकांचं सरबत असायचं.) मेणबत्ती पेटली. त्यांनी बोटं दुमडून ज्योतीजवळ धरली आणि नखांवरचा उजेड पाहिला. मीही पाहिला, आईने शिकवला होता तसाच. मग ज्योत वाइनमध्ये विझवली. चर्र आवाज झाला आणि तेवढ्यात आर्ट म्युझियमच्या बाजूला पहिला बाण फुटला.

मी विचारलं, "वीज चमकली की आपण बेराखा म्हणतो, देवाच्या स्तुतीची छोटी प्रार्थना. याला कोणती?"

"याला नाही," ते म्हणाले.

"माणसाने केलेलं म्हणून?"

"नाही, नाही. आता मेणबत्तीवर म्हटलीच की! पहिला शब्बाथ संपला तेव्हा आदामाने दोन दगड एकमेकांवर घासून आग काढली, असं ताल्मूद, आपला धर्मचर्चेचा ग्रंथ, सांगतो. शनिवारी रात्रीची बेराखा माणसाच्या हातच्या आगीचीच. पण मिश्नाची, ताल्मूदच्या मूळ नियमांच्या भागाची, एक अट आहे. उजेडाचा उपयोग होईल इतकं जवळ असलं पाहिजे. उजेडात काहीतरी ओळखू आलं पाहिजे."

एवढं बोलून त्यांनी आतषबाजीकडे चक्क पाठ फिरवली. मला वाटलं, दमले. पण ते गच्चीवरच्या लोकांकडे बघत होते. मीही वळले. लाल उजेड पडला की सगळे चेहरे एकदम दिसायचे. ड्यूटीवरून थेट आलेली, गणवेशातली नर्स. बापाच्या खांद्यावर बसून कान झाकून घेतलेला मुलगा. व्हीलचेअरवरचे आजोबा आणि त्यांच्या गुडघ्यावरची चादर नीट करणाऱ्या आजी. पुन्हा अंधार. मग हिरवा उजेड, पुन्हा तेच चेहरे.

"आता उपयोग झाला," रब्बी हळूच म्हणाले. "बेराखा नाही म्हणायची, पण मी आमेन म्हणतो."

शेवटच्या धडाक्यानंतर धूर राहिला. टाळ्या थांबल्या, लोक खाली उतरू लागले. बारुदाच्या वासात अजून लवंग येत होती. रब्बी म्हणाले, "डोंगरावर एलियाहू संदेष्ट्यासमोर आधी वारा आला, मग भूकंप, मग आग. देव त्यांत नव्हता. आगीनंतर अगदी बारीक वाणी आली."

एलियाहू हनाबी! आमच्या प्रत्येक मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या विधीला, ज्याचं नाव घेतो तो. आमच्या अलिबागजवळच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "खडकावर? अजून आहेत?"

मग शनिवारी रात्रीचं एलियाहूचं गाणं ते गुणगुणू लागले. चाल माझ्या ओळखीची नव्हती, शब्द होते. त्यांचं झाल्यावर मी आमच्या चालीत म्हटलं. ते जिन्याच्या कठड्याला धरून, डोळे मिटून ऐकत उभे राहिले.