खोकल्यापेक्षा श्वासाकडे बघा

जूनमध्ये बालवाड्या सुरू होतात आणि त्याच सुमारास कोल्हापुरात पाऊस धरतो. खिडक्या बंद, ओले कपडे घरातच दोरीवर, एका खोलीत पंधरा-वीस पोरं. विषाणूंना आणखी काय लागतं! पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. त्यासाठी 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' टॉनिकवर पैसे घालवू नका.

बहुतेक आईवडील येतात ते छातीतली घरघर ऐकून. हात ठेवला की ती हाताला लागतेही. पण पुष्कळदा तो आवाज नाकातल्या आणि घशातल्या शेंबडाचा असतो, नाक मोकळं केलं की कमी होतो. खरी खूण श्वासाच्या वेगात असते.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगातलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. रडताना, दूध पिताना किंवा ताप चढलेला असताना आकडा फसवा येतो. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४०. पुन्हा मोजूनही एवढे किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर. 'पोट उडतंय' म्हणतात त्यातही फरक करा. बाळं पोटानेच श्वास घेतात. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबू नका.

दोन वर्षांखालच्या मुलांत आरएसव्ही नावाच्या विषाणूने फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात. सुरुवात साध्या सर्दीनेच होते, त्रास वाढतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणून पहिल्या दिवशी 'छाती साफ आहे' असं ऐकलं तरी चौथ्या दिवशी श्वास पुन्हा मोजायचाच. यात अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि वाफाऱ्याच्या मशीनमधलं दम्याचं औषधही सहसा काम करत नाही, कारण नळ्या आवळलेल्या नसतात, सूज आणि चिकट स्रावाने भरलेल्या असतात.

घरी करायचं ते नाकाचं. तान्ही बाळं मुख्यतः नाकाने श्वास घेतात. नाक चोंदलं की दूध पिणं सुटतं. पाजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, दोन थेंब, मग थोडं-थोडं, पण जास्त वेळा पाजा. बाटलीवर फक्त सोडियम क्लोराईड लिहिलेलं बघून घ्या. शेजारीच तशीच दिसणारी झायलोमेटाझोलिन या नाक मोकळं करणाऱ्या औषधाची बाटली असते, तिने तान्ह्या बाळाला गुंगी येऊ शकते.

तापाला पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. गोंधळ होतो तो मिलीत. दहा किलोच्या मुलाला १२० च्या (५ मिलीत १२० मिलिग्रॅम) सिरपचे सुमारे ६ मिली लागतात, २५० च्या (५ मिलीत २५० मिलिग्रॅम) सिरपचे ३, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या ड्रॉप्सचे फक्त दीड! घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप वापरा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर औषध देत बसू नका, थेट दवाखाना.

खोकल्याची सिरपं लहानांना नकोतच. क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन या सर्दीच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश २०२३ मध्येच निघाला आहे. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध पुरतो. वर्षाखाली मध अजिबात नाही. अंघोळीनंतर शेगडीवर ओवा-धूप टाकून दिलेली धुरी आजीने कितीही मायेने दिली, तरी सुजलेल्या नळ्यांना तो धूरच. कापूर आणि कापराचे बामही दूर ठेवा, कापूर पोटात गेला तर झटके येतात. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ देताना पोरं भाजतात.

ओठ किंवा जीभ निळसर, श्वास मध्येच थांबणं, दूध निम्म्याहून कमी, सहा-आठ तास शू नाही, उठवूनही न उठणं: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, नाहीतर जवळचं बालरुग्णालय गाठा. रात्र आहे म्हणून सकाळची वाट बघू नका.

श्वास बरा, खाणंपिणं बरं, खेळतंय, नुसता खोकला उरलाय, तर तो दोन-तीन आठवडे राहू शकतो. तेवढ्यासाठी डॉक्टर बदलू नका.