श्रीचक्र: पाचव्या रेषेवरचं मर्म जुळलं!

श्रीचक्र म्हणजे वर्तुळात एकमेकांत गुंतलेले नऊ त्रिकोण; मर्म म्हणजे त्यांच्या तीन रेघा जिथे एका टिंबात मिळतात ती जागा. काल रात्री मधल्या त्रिकोणाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिन्ही रेघा एकदाच्या एका टिंबात मिळाल्या. भिंग लावून दोनदा पाहिलं. फट नाही.

मापं मागचीच: वर्तुळाचा व्यास २४० मिमी, त्याचे ४८ भाग, वरून खाली नऊ आडव्या रेषांची (प्रत्येक रेषा एका त्रिकोणाचा पाया) अंतरं परंपरेतली ६-६-५-३-३-४-३-६-६-६. म्हणजे पाचवी रेषा वरून ११५ मिमीवर, सहावी १३५ वर. पहिल्या आणि नवव्या रेषेची लांबी मी मोजून घेत नाही. दुसऱ्या आणि आठव्या रेषेवरची मर्मं जुळवली की ती आपोआप ठरते. अडत होतं ते पाचवीवर. तिथे पहिल्या त्रिकोणाची बाजू मध्यरेषेपासून १२.४ मिमीवर यायची आणि नवव्याची १४ वर. तीन कागद हाताला दोष देत वाया घालवले, मग गणित मांडलं. दीड मिमीची ती फट हाताची नव्हे, त्या पूर्णांक भागांचीच आहे.

आधी सहावी रेषा खाली ढकलली. १३८.८ वर मर्म जुळतं, पण बिंदू (मी मधल्या त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाचा मध्य धरतो) वर्तुळाच्या केंद्राखाली ३ मिमी घसरतो. नऊ आवरणांतलं सर्वात आतलं, बिंदूचं सर्वानंदमय चक्रच ढळलं तर बाकीची आठ आवरणं कशाभोवती फिरवायची? म्हणून सहावी जागेवर ठेवून पाचवी वर घेतली. ११३.५ वर मर्म बंद! शिवाय बिंदूचं अंतर १.९ वरून ०.९ मिमीवर आलं, हे तर मागितलंही नव्हतं.

योगिनीहृदय या तंत्रग्रंथात पाच शक्ती (अधोमुख त्रिकोण) सृष्टीच्या आणि चार अग्नी (ऊर्ध्वमुख) लयाचे, त्यांच्या संयोगातून चक्र. सौंदर्यलहरीच्या ११व्या श्लोकातही चार श्रीकंठ (शिव), पाच शिवयुवती (शक्ती). हे पाठ होतं. पण पाचवी रेषा अधोमुख शक्तित्रिकोणाचा पाया आणि सहावी ऊर्ध्वमुख अग्नित्रिकोणाचा, ही ओळख बोटांना आत्ता पटली. एक हलली की दुसऱ्याचा कोपरा उघडतो.

हत्यारांबद्दल एवढंच: अंतर डिव्हायडरनेच घ्या, पट्टीवर डोळा अर्धा मिमी चुकतोच. ०.५ च्या पेन्सिलीने मर्म तपासू नका, तिची रेघच फट झाकते. ०.३, शिसं २एच. ट्रेसिंग पेपर दमट हवेत ताणतो, तो फक्त कच्च्या कामाला.

आता चौथ्या आणि सहाव्या रेषेवरची मर्मं तपासून शाई भरणार होतो. पण हे लिहितानाच ते उरलेले ०.९ मिमी डोक्यात घोळायला लागले. आतापर्यंत मी बाहेरून आत, संहारक्रमाने काढत आलो. सृष्टिक्रमाने काढलं तर? मधला त्रिकोण आधी केंद्राभोवती नेमका बसवायचा, पाचवी-सहावी त्यावरून घ्यायची, बाकीच्या रेषा मर्मांना ठरवू द्यायच्या. म्हणजे शाई लांबली, अष्टदल-षोडशदलाच्या पाकळ्याही लांबल्या. नवा कागद बोर्डावर लावलाय, केंद्रात कंपासचं टोक टेकवून झालंय.