पाणथळीवरच्या पक्ष्यांसाठी स्कोप घेताना

उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणला पक्षी बघण्यात माझी पहिली चार वर्षं नावेतच गेली. नाव रोहित पक्ष्यांच्या दिशेने सरकायला लागली की आधी सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, मग चालणं वाढायचं आणि शेवटी सगळा थवा उठायचा. गुलाबी-काळे पंख उघडले की नावेत आनंद व्हायचा. मला मात्र ते पाहवेना. ते तिथे चरायला आलेले असतात आणि आपण त्यांना ताटावरून उठवतो. काठावरूनच बघायचं असं ठरवलं, तेव्हा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, घेणं आलं.

पहिला घेतला तो आकड्याला भुलून. '२०-६०' लिहिलेला, म्हणजे वीस ते साठ पट मोठं दाखवणारा, साडेसात हजारांचा. साठपटीवर नेला की चित्र अंधारून यायचं. याचं गणित सोपं आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. माझं भिंग ६० मिमीचं, म्हणजे साठपटीला डोळ्यात येणारा प्रकाशाचा ठिपका जेमतेम १ मिमीचा. वीसपटीला तोच ३ मिमी. त्यातून आत दमट हवा शिरू नये म्हणून भरतात तो नायट्रोजनही नव्हता. एका पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली आणि तो कपाटात गेला.

दुसरा घेण्याआधी खूप वाचलं. बरंचसं लिखाण परदेशातल्या शिकाऱ्यांचं. त्यांना दरीपलीकडच्या हरणाची शिंगं मोजायची असतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, ती कायम बंदच राहो. पण त्यांचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटलं: पैसे भिंगात घाला, पटीत नको. मी ८० मिमीचा, ईडी काचेचा, म्हणजे कडेला रंग फुटू न देणाऱ्या काचेचा घेतला. पहिल्या स्कोपमधून पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ दिसायची, ती गेली. मला चष्मा आहे, म्हणून दुकानात चष्मा न काढता चित्राचा पूर्ण गोल दिसतो का, हे आधी पाहिलं. आयपीस, म्हणजे डोळा लावायची नळी, तिरकी घेतली. माझी उंची पाच फूट, शेजारी उभा राहणारा भाचा सहा फुटी. ट्रायपॉड माझ्या उंचीला लावला की तो वाकून बघतो. सरळ आयपीस असती तर दर वेळी ट्रायपॉडचे पाय खालीवर करत बसले असते.

ट्रायपॉडवर काटकसर करू नका, हे कळकळीने सांगते. उजनीच्या काठावर वारा असतोच. हलका ट्रायपॉड थरथरला की चाळीसपटीला पक्षी नुसता नाचतो. मी मधल्या दांड्याला पाण्याची बाटली भरलेली पिशवी अडकवते.

आणि लवकर जा. साधारण साडेनवानंतर चिखलावरून झळा उठतात, मग कितीही महागडी काच असो, तीसपटीच्या वर सगळं वितळल्यासारखं दिसतं.

गेल्या जानेवारीत सव्वासातला चिखलाच्या कडेला चिमणीएवढे टिलवे टिपत होते. दुर्बिणीत सगळे सारखे करडे. स्कोप तीसपटीवर लावला. यांची ओळख पायांच्या रंगावरून पटते, म्हणून एकेकाचे पाय बघत गेले. काळे, काळे, काळे. मग एकाचे हिरवट पिवळे, पाठ साधी तपकिरी, छातीवर मळकट पट्टा. टेमिंकचा टिलवा! चोचीला चिखल लागलेला दिसत होता. माझ्या दिशेला त्याने एकदाही मान वळवली नाही. पंधरा मिनिटं तो टिपत होता आणि मी बघत होते.