भाऊबीज, संप आणि देणगीची पावती

२०२५ ची भाऊबीज इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या ऑकलंडच्या घरी भरदुपारी झाली. २३ ऑक्टोबर, गुरुवार, आणि दोन्ही मुलं घरात, कारण शिक्षकांचा संप. शिक्षक, नर्सेस, डॉक्टर मिळून लाखावर लोक त्या दिवशी कामावर गेले नाहीत. ओवाळणी खिशात टाकून लेक म्हणाली, "गणिताचे सर मोर्चाला आओटेआ स्क्वेअरला गेलेत. आपण जायचं का?" मी म्हटलं, आधी जेवा.

संपाची आता सवय झालीय. २०२३ मध्ये शाळेची पहिली ईमेल आली तेव्हा मात्र मी ती दोनदा वाचली. अमुक दिवशी अमुक इयत्तेने घरी राहावं, बाकीच्यांनी यावं! याला इथे 'रोस्टरिंग होम' म्हणतात. संपसुद्धा वेळापत्रक लावून. त्याच वर्षी १६ मार्चला इथे मोठा संप झाला, आणि नेमके त्याच आठवड्यात आपल्याकडचे शिक्षक जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर होते. आई फोनवर म्हणाली, "तिकडेही? मग तिकडे जाऊन मिळवलंत काय?"

तेव्हा मी मावसभावाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की इथे सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार थेट देतं, आणि श्रेणी सगळीकडे एकच. शिवाय गरीब वस्तीतल्या शाळेला अनुदान जास्त. तो बिचारा विनाअनुदानित हायस्कूलात नऊ वर्षं बिनपगारी राबलेला. वीस टक्के अनुदानाचा टप्पा मिळाला तेव्हा त्याने पेढे वाटले होते. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्या शाळेचं ते हॉकीचं टर्फ कुणी बांधलं?"

मी गप्प. टर्फ आम्हीच बांधलंय, म्हणजे पालकांनी. शिक्षण फुकट, पण दर जानेवारीला 'देणगी'चं पत्र येतं आणि आमच्या शाळेचा आकडा चार आकडी असतो. सक्ती करता येत नाही, कायदाच तसा आहे. पण पत्राची भाषा इतकी गोड, की न भरणाऱ्यालाच आपण फुकटे आहोत असं वाटावं. वर परदेशी विद्यार्थ्यांची भरघोस फी शाळेला मिळते ती वेगळीच. दक्षिण ऑकलंडच्या गरीब वस्त्यांतल्या पालकांकडे असा आकडा मागणार कोण? देणगी न मागणाऱ्या, डेसाइल एक ते सातच्या (डेसाइल म्हणजे पालकांच्या परिस्थितीवरून शाळेला दिलेला एक ते दहा आकडा, दहा म्हणजे सर्वात सधन) शाळांना सरकारने २०२० पासून विद्यार्थ्यामागे वर्षाला १५० डॉलर देऊ केले. आणि आम्ही देणगी भरली की तिचा तिसरा हिस्सा करातून आम्हालाच परत! म्हणजे आमच्या टर्फलाही सरकारचा हात लागतोच, फक्त तो अनुदान म्हणून कुठे दिसत नाही.

आता कुणी विचारेल, एवढं कळतं तर त्या शाळेच्या झोनमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या हद्दीत, घर कशाला घेतलंस? घेतलं नाही, भाड्याने आहे. जास्त भाड्याने. एजंट तेव्हा 'डेसाइल टेन' असं म्हणायचा, जणू घरातून समुद्र दिसतो.  शिकवण्याच्या दर्जाशी त्या आकड्याचा काही संबंध नाही, हे सरकार सांगून थकलं आणि २०२३ पासून त्याने तो बंदच केला. लोक अजून तोच विचारतात. मीही विचारलाच होता. पण मुलांचं दहावी-बारावीचं वय पुन्हा येत नाही, आणि पुण्यात असते तरी मी नावाजलेल्या शाळेच्याच रांगेत उभी राहिले असते.

शेवटी आम्ही मोर्चाला गेलोच नाही. लेक दिवसभर फुगून बसली होती. संध्याकाळी तिने विचारलं, "आपल्या देणगीतून सरांचा पगार वाढतो का?" नाही गं, तो पैसा टर्फचा.

पावती फाइलला लावून ठेवलीय. मार्च संपला की तेहतीस टक्के मागायचेत.