ढोल ऐकू येत होता, ताशा नाही

गेल्या श्रावणात पुण्यात म्हात्रे पुलावरून येताना नदीपात्रात पथकांचा सराव चालला होता. मी मुलीला विचारलं, "यंदा ताशे कमी केलेत का गं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. ढोल छातीत धडधडत होता, ताशा मात्र गोधडीखालून वाजल्यासारखा.

मला अकरा वर्षं आमवात आहे. दर रविवारी मिथोट्रेक्सेट, हे त्याचं औषध. दुखणं सांध्यांचं, त्यामुळे कानाचा संबंध डोक्यातच आला नाही. मळ असेल म्हणून थेंब घातले. मग मंडईत भाजीवाला म्हणाला साठ, मी ऐकलं आठ. दहाची नोट देऊन सुट्ट्या पैशांची वाट बघत उभी! स, श, फ ही अक्षरं आधी जातात, हे नंतर कळलं.

कानाच्या पहिल्या डॉक्टरांनी चिमट्यासारखा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून पाहिला आणि म्हणाले, "वयामुळे होतं, तीन महिन्यांनी या." मी सत्तेचाळीस वर्षांची. दुसरा कोणता आजार आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते दीड महिने अजून मनातून जात नाहीत.

दीड महिन्यात उजवाही कान जड झाला, तेव्हा दुसरीकडे गेले. ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची, खोली देवघराएवढी, भिंतींना फोम. हातात बटण, आवाज आला की दाबायचं. पण डाव्या कानात चोवीस तास कुकरची शिट्टी येत होती. मशीनची कोणती आणि माझी कोणती, तेच कळेना. चार वेळा उगाच दाबलं. बाहेर आल्यावर हातात ऑडिओग्राम, म्हणजे तपासणीचा आलेख. त्या कागदावर उजव्या कानाचे लाल गोळे आणि डाव्याच्या निळ्या फुल्या. फुल्यांची रेघ कागदाच्या डाव्या बाजूला, जाड आवाजांना, बरी होती आणि 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजाला, घसरगुंडीसारखी खाली, 65 डेसिबलवर. रेघ जितकी खाली, तितकं कमी ऐकू येतं. तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने सहज विचारलं, "काकू, शुगर, थायरॉइड, संधिवात असं काही?"

तिथून चक्रं फिरली. माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांनी समजावलं: शरीराचीच प्रतिकारशक्ती आतल्या कानावर उलटते. कानाचे डॉक्टर मॅकेब यांनी 1979 साली हा वेगळा आजार म्हणून मांडला. वयाचा बहिरेपणा वर्षानुवर्षं सरकतो, हा प्रतिकारशक्तीचा बहिरेपणा आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो आणि बहुतेक वेळा दोन्ही कानांत. पक्कं सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. स्टिरॉइडने कान सुधारला, तर तोच पुरावा. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय झाला.

मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज सकाळी खाऊन 60 मिलिग्रॅम, महिनाभर. आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. साखर वाढली, चेहरा मोदकासारखा झाला, आणि पहाटे तीनला मी स्वयंपाकघरातले डबे घासत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, दिवाळीला अवकाश आहे."

महिन्याने उजवा कान जवळजवळ जागेवर आला. डावा पंधरा डेसिबलच सुधारला. आतल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दीड महिना आधी गेले असते तर? डॉक्टर "सांगता येत नाही" म्हणाले. मला ते उत्तर आवडलं नाही, पण खरं असावं.

मिथोट्रेक्सेट चालू असताना असं कसं झालं, हे माझं कोडं. अमेरिकेत 2003 साली छापलेल्या चाचणीत स्टिरॉइडने परत मिळालेलं ऐकू येणं टिकवायला ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सांध्यांचं औषध कानाची राखण करेलच असं नाही.

आता एकच फाइल ठेवते. वर आमवाताचे रिपोर्ट, मागे तारखेनुसार सगळे ऑडिओग्राम. कानाच्या डॉक्टरांना आधी सांधे सांगते, सांध्यांच्या डॉक्टरांना आधी कान. डाव्या कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी कागदी पिशवीचा आवाज एवढा मोठा आला की मी दचकले.

स्टिरॉइडची गोळी दहा मिलिग्रॅमच्या खाली आली की डावा कान पुन्हा बसतो, म्हणून सध्या दहावरच आहे. पुढचा ऑडिओग्राम दसऱ्यानंतर.