शी युज्ड टू

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. कारण अगदीच फालतू आहे, कुणाला सांगितलं तर हसतील.

आज आईला हिट्सविलला नेलं. डेट्रॉईटला येऊन अकरा वर्षं झाली तरी मोटाऊन म्युझियम बघितलं नव्हतं, पुणेकराने शनिवारवाडा न बघण्यातला प्रकार. आईची फ्लाईट 20 तारखेला, नायगारा झाला, आउटलेट मॉल झाला, देऊळ तर तीनदा झालं, म्हटलं हे तरी कशाला राहायला पाहिजे. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवर एक साधंसं दोन मजली घर, त्यावर निळ्या अक्षरांत हिट्सविल यू.एस.ए. आई गाडीतून उतरल्या उतरल्या, "हे? एवढ्यासाठी तिकीट?"

बेरी गॉर्डी आधी लिंकन-मर्क्युरीच्या गाड्यांच्या कारखान्यात लाईनवर कामाला होता. 1959 मध्ये घरच्यांनी मिळून साठवलेल्या पैशातून 800 डॉलर कर्जाऊ घेतले आणि मोटाऊन ही गाण्यांच्या रेकॉर्डची कंपनी काढली. आईला मी म्हटलं, घरातली भिशी समज, तर एकदम पटलं तिला. मग हे घर घेतलं, मागे एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता त्याचं रेकॉर्डिंग रूम केलं. कल्पना अशी की कच्चं पोरगं एका दाराने आत जाणार आणि स्टार होऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडणार, गाडीसारखं. इथे नवऱ्याचे डोळे चमकले. तो दिवसभर तेच करतो ना.

तर वर छताला एक भोक आहे. त्या काळी एको पाहिजे असला की आवाज वरच्या माळ्यावर सोडून तो घुमवून घ्यायचे. गाईड म्हणाली खाली उभं राहून टाळी वाजवा. छोटीने वाजवली, ती टाळी वर जाऊन अशी काही गोल होऊन खाली आली की माझ्या अंगावर काटा आला. मग गाईडने विचारलं, कोणी गाणारं आहे का. आणि आईने माझ्याकडे बोट केलं.

"माय डॉटर. शी युज्ड टू."

बास. एवढंच झालं.

आईचं इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू, हाऊ मच. "आय गो यस्टरडे" म्हणते ती. सहा महिन्यांत एकदा भूतकाळ धड वापरला नाही आणि नेमका इथे एवढा बिनचूक कुठून आणला? गाईड हसून म्हणाली मग होऊन जाऊ दे, आणि मी, जिने नऊ वर्षं बाईंच्या समोर मांडी घातली, मी मान हलवून मागे सरकले. ओहायोकडचा कोणी मुलगा होता त्याने गायलं. बरं गायला. जरा बेसूरच, पण बरं.

खाली स्टुडिओ ए. वरून वायरी लोंबायच्या म्हणून वाजवणारे त्याला स्नेकपिट म्हणायचे. त्या वाजवणाऱ्यांची, म्हणजे फंक ब्रदर्सची, नावं वर्षानुवर्षं रेकॉर्डवर यायचीच नाहीत, 1971 मध्ये मार्विन गे या गायकाच्या अल्बमवर छापली तेव्हा कुठे. हे ऐकताना मला उगाच भरून आलं, जसं काही माझंच नाव खोडलंय कुणीतरी. कुणी खोडलं? कुणी नाही. नोकरी, व्हिसा, छोटी, मग बाबांचं ते सगळं... असो. कंट्रोल रूममध्ये पायाने ठेका धरून धरून जमीन झिजलीये. आई वाकून बराच वेळ बघत होती. काही बोलली नाही. बाईंच्या ओसरीवर ती नऊ वर्षं माझी शिकवणी संपेपर्यंत बसायची, गवार मोडत, आणि तिचापण पाय हलायचा. हे मला आजच आठवायचं होतं.

शेवटी सगळ्या ग्रुपला उभं करून टेम्पटेशन्स या मोटाऊनच्याच गायकांच्या ग्रुपचं गाणं म्हणायला लावतात, स्टेप्ससकट. आई नाचली हो! पंजाबी ड्रेस, पांढरे स्नीकर्स, हात गोल गोल. मी नुसते ओठ हलवले.

शुक्रवारी म्हणे मीटिंग असायची, कुठलं गाणं बाजारात आणायचं ते ठरवायला. गॉर्डी विचारायचा, खिशात शेवटचा डॉलर आहे, ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच? परत येताना पूर्ण हायवेभर हेच डोक्यात. मी सँडविच घेतलं. आणि खोटं कशाला बोलू, सँडविच चांगलं निघालं. कर्ज फिटतंय, छोटी पोहायला जाते, आईला बिझनेस क्लास जमला नाही पण व्हीलचेअर सांगितलीये. मग युज्ड टू एवढं का लागावं? खरं तर चूक काय होती त्यात, तीच सांगावी व्याकरण शिकवणाऱ्यांनी. रियाझ कधी केला होता शेवटचा? करोनाच्या आधी. म्हणजे युज्ड टूच.

मघाशी आईचे कपडे ड्रायरला टाकायला बेसमेंटमध्ये गेले. तिथला तो घूं आवाज. आमच्या सांगलीच्या फ्रीजचा घूं माझ्या पट्टीला जवळजवळ लागायचा, पेटीतल्या काळी चारच्या थोडा खाली, लाईट गेले की तंबोरा बंद पडल्यासारखं वाटायचं. तिकडे वीज 50 हर्ट्झची. इथे 60, त्यामुळे इथलं सगळं घर वर चढलेलं, काळी पाच सोडलेली आणि पांढरी सातला पोचलेली नाही असं मधेच कुठेतरी लटकलेलं. अकरा वर्षं मला वाटत होतं माझा आवाज उतरलाय. (आवाज उतरलाच आहे, ते वेगळं.)

लावला षड्ज. ड्रायरलाच. कसाबसा चार सेकंद टिकला, मग खोकला आला. परत लावला.

वरून जिन्याच्या तोंडाशी आई, "काय गं, काही अडकलं का मशिनमध्ये?"

म्हटलं नाही गं, झोप तू.

ती गेली नाही. पायरीवर बसल्याचा आवाज आला.