पोचलीस की फोन कर

शुक्रवार, रात्री पावणेबारा

भाचीला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसवून आत्ताच घरी आले. छत्री असूनही भिजले. अण्णा, माझे वडील, जागेच होते, दिवाणावर बसून. "दिलंस का?" एवढंच विचारलं. दिलं म्हटल्यावर पंखा एकावर करून झोपायला गेले. मला इतक्यात झोप लागणार नाही. बोटांना अजून शेंदरी शाई आहे, नखांच्या कडेला तर दोन दिवस राहील. गेले दहा दिवस तिच्यासाठी हातानं केलेल्या या एका कार्डापायी गेले. ते लिहून ठेवते.

कार्डं करायला लागून सात-आठ वर्षं झाली. सुरुवातीला हाताशी होते ते सगळे ठसे इंग्रजी. मैत्रिणीनं परदेशातून आणून दिलेले, पारदर्शक, ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरायचे. 'हॅपी बर्थडे', 'थँक यू', 'थिंकिंग ऑफ यू'. मी ते मनापासून उठवत राहिले. आत्याचा पाय मोडला तेव्हा तिला 'थिंकिंग ऑफ यू' पाठवलं. तिचा फोन आला, "फुलं किती गं नाजूक काढलीस! खाली लिहिलेलं शेजारच्या पोराकडून वाचून घेतलं." तिला आनंदच झाला होता. मला मात्र फोन ठेवल्यावर रडू आलं. आत्याशी मी जन्मात कधी इंग्रजीत बोलले नाही, आणि ती अंथरुणाला खिळलेली असताना तिच्या हातात ठेवलं ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं वाक्य.

मराठी ठसे शोधले तर मिळाले ते 'हार्दिक शुभेच्छा' आणि 'अभीष्टचिंतन'. शब्द चांगले आहेत, पण चौकातल्या फ्लेक्सवरचे. घरात आपण असं बोलत नाही. घरच्या माणसाला आपण धन्यवादसुद्धा म्हणत नाही. मग काय म्हणतो? वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. जेवूनच जा. सावकाश ये, घाई नाही. किती बारीक झालीस! औषध घेतलंस का? आलीस, बरं वाटलं. पोचलीस की फोन कर. लिहिता लिहिता प्रत्येक वाक्याला आवाज फुटायला लागला. हे आईचं, हे आजीचं, हे ताईचं. मला कार्डावर हीच वाक्यं हवी होती.

आणि तिथं खरी अडचण. इंग्रजीत सुट्या अक्षरांचा संच घेतला की सव्वीस ठशांत काम भागतं, एकापुढे एक लावत गेलं की शब्द तयार. देवनागरीचे सुटे ठसे मी एकदा खोडरबरावर कोरून पाहिले. 'क' उठवला. त्याला वेलांटी द्यायची तर तिचा ठसा वेगळा, आणि तो डोक्यावरून वळून नेमका शेजारी उतरायला हवा. उकार खाली, रफार वर, जोडाक्षरांची तऱ्हाच निराळी. शिवाय सगळ्यांच्या डोक्यावरून एक सलग शिरोरेघ. ठसा केसभर वाकडा बसला की रेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

ते तुकडे अण्णांनी पाहिले. अण्णांचं आयुष्य प्रेसमध्ये गेलं. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. इंडिया सिक्युरिटी प्रेस इथं १९२५ साली उभी राहिली आणि १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं इथं छापायला लागले, त्याआधी ती लंडनहून छापून यायची. अण्णा छापलेले ताव तपासायच्या कामावर होते. पण तिथं लागण्याआधी दोन वर्षं ते पंचवटीतल्या एका छोट्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे, लग्नपत्रिका नि हँडबिलांचे. माझे खोडरबराचे ठसे तळहातावर घेऊन म्हणाले, "अगं, इंग्रजीची केस, खिळ्यांची कप्प्यांची पेटी, सोपी. मराठीला खिळे शेकड्यांनी लागायचे. अर्धं अक्षर वेगळं, उकार जोडलेलं वेगळं, मात्रेचं वेगळं. तू अक्षर कोरत बसू नकोस. अख्खी ओळ एकसंध कर."

म्हणून शिक्के करून देणाऱ्या एका दुकानात गेले. तिथं बहुतेक दुकानांचे, संस्थांचे आणि 'सही'चे शिक्के होतात. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या चिठ्ठीवरचं वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "कोण चाललंय?"

भाची चाललीये, नागपूरला, चार वर्षांसाठी. पहिल्यांदाच घराबाहेर.

ठसा दोन दिवसांनी मिळाला. मी तो दुकानातच उलटसुलट करून पाहिला, सगळं बरोबर वाटलं. घरी अण्णांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि कागदावर न उठवताच म्हणाले, "कि ऱ्हस्व पडलीये." मला पटेना. मला तर वेलांटी उजवीकडे दिसत होती. मग लक्षात आलं. ठसा उलटा असतो, म्हणून त्यात ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाते आणि सरळ वाचणाऱ्याला ती दीर्घ वाटते. साठ वर्षांपूर्वी उलटं वाचायची सवय लागलेल्या माणसाला ती फसवू शकली नाही. हिंदीत 'कि' ऱ्हस्व लिहितात, आपल्याकडे 'की' दीर्घ. मी बरोबरच पाठवलं होतं, दुकानात पुन्हा टाइप करताना चूक झाली. त्यांनी काही कटकट न करता दुसरा ठसा करून दिला, पण आणखी दोन दिवस गेले.

त्या संध्याकाळी अण्णा जुन्या तिकिटांबद्दल बोलत बसले. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं. त्यावर फडकता तिरंगा, आणि देवनागरीत 'जय हिंद'. अण्णा तेव्हा लहान होते, पण प्रेसमधली जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं त्या तिकिटाविषयी बोलत असत. "बोटाच्या पेराएवढी जागा," अण्णा म्हणाले, "पण दोन शब्द आपल्या लिपीत." माझ्या ठशाची ओळ टेबलावर होती, जेमतेम दोन इंच. त्यांनी ती पट्टीनं मोजली.

चित्र काय करायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. भाची लहानपणी पावसाळ्यात आमच्याकडे असली की दिवसातून चारदा विचारायची, "मावशी, दुतोंड्या किती बुडाला?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, पण आम्ही एकमेकांना विचारतो ते पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, की छातीपर्यंत आलं. तिला कडेवर घेऊन होळकर पुलावरच्या गर्दीतून मी तो किती वेळा दाखवलाय.

स्टेन्सिलसाठी अण्णांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे घेतला. ही फिल्म या कामाला फार चांगली. ब्लेडनं कडा स्वच्छ कापली जाते आणि शाई पुसून पुन्हा वापरता येते. मारुती कापला. आतला तुकडा जागा झाकायला, बाहेरची चौकट रंग भरायला, दोन्ही जपून ठेवायचे. दुसऱ्या फिल्मवर नुसत्या लाटा. कागद ३०० जीएसएमचं गुळगुळीत आयव्हरी कार्ड. खरबरीत कागदावर ब्रश फिरवला की दाण्यादाण्यांवर रंग अडकतो.

मारुतीचा तुकडा हलक्या चिकटपट्टीनं बसवला आणि ब्रश घेतला. शाईच्या पॅडवरून ब्रश थेट कार्डावर टेकवला तर तिथं डाग उठतो, आणि तो मग कशानंही जात नाही. म्हणून आधी खाली अंथरलेल्या रद्दी कागदावर ब्रश फिरवायचा, शाई जरा उतरली की तसंच गोल गोल, हात न उचलता, बाहेरून कार्डावर यायचं. दाबायचं नाही. बाळाच्या टाळूवर तेल जिरवताना हात असतो, तितकाच हलका. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत काही दिसतच नाही, आपण कोरा कागद चोळतोय असं वाटतं. दहाव्या-बाराव्या फेरीला रंगाची सावली येते. ती कुठून सुरू झाली हे सांगता येत नाही, आणि मला या कामातलं सगळ्यात काय आवडत असेल तर ते हेच.

एरवी ब्लेंडिंगमध्ये, म्हणजे रंग असे एकमेकांत मिसळताना, गढूळपणा टाळायचा असतो. निळा आणि नारिंगी एकमेकांत गेले की मातकट होतात, म्हणून त्यांच्यामध्ये जागा सोडायची. मला मात्र पुराचं पाणीच हवं होतं. एरवी नको असताना होणारा तो रंग मुद्दाम करायला गेले तर येईना. नारिंगीवर निळा चढवला तर शेवाळल्यासारखं हिरवट. दोन्ही जोरात घातले तर काळं, नाल्यासारखं. गोदावरीचं पुराचं पाणी काळं नसतं. त्यात माती असते, दूध जास्त पडलेल्या चहाचा रंग, आणि ढग जरा उघडले की वरवर उजेड सरकतो. तीन कार्डं फुकट गेली. परवा दुपारी पाऊस थोडा थांबला होता तेव्हा सरळ रामकुंडावर गेले आणि अर्धा तास नुसतं पाणी बघत उभी राहिले. घरी येऊन चौथ्या कार्डावर आधी विटकरी तपकिरी एकटाच फिरवला आणि वाळू दिला. मग लाटांच्या स्टेन्सिलमधून अगदी पुसट निळा, स्टेन्सिल दर वेळी बोटभर पुढे सरकवत. तेव्हा कुठे पाणी वाहायला लागलं.

तुकडा उचलल्यावर मारुतीची जागा पांढरी राहिली. त्यावर चौकट बसवून कमरेच्या वर शेंदरी भरला. चौकट काढली तर डाव्या खांद्याला बारीक पांढरी कड. अण्णांनी भिंग आणलं. "रजिस्टर हललंय, रंग नेमका जागेवर बसला नाही. तिकीट असतं तर हा ताव बाजूला काढला असता." मी पुन्हा करायला घेणार, तर म्हणाले, "राहू दे. पावसात भिजलेला दगड कडेला असाच चमकतो." मी ते कार्ड ठेवलं. त्यांनी बाजूला न काढलेला ताव मी पहिल्यांदाच पाहिला.

अक्षरं पांढऱ्या एम्बॉसिंग पावडरची हवी होती, ओल्या शाईला चिकटून गरम केल्यावर वितळून उठावदार होते ती, आणि पावसाळ्यात हे फार अवघड. कागद हवेतली ओल पितो, ब्लेंडिंगची शाई पुरती सुकत नाही, आणि पावडर फक्त अक्षरांना धरायच्या ऐवजी सगळीकडे धरते. कार्ड सुती कापडाखाली ठेवून मंद इस्त्री फिरवली. मग टाल्कमची पुरचुंडी हलकेच टेकवत गेले. ठसा उठवला, पावडर भुरभुरली, मागून टिचकी मारून जास्तीची झटकली. ती मिठासारखी रवाळ दिसते. हीट गन धरली तरी क्षणभर काहीच होत नाही. मग 'पो'पाशी चमक आली आणि सरकत सरकत 'फोन कर'पर्यंत गेली, जणू ती ओळ आत्ता कुणी माझ्यासमोर लिहितंय. तिथं थांबायचं, नाहीतर पावडर तेलकट होऊन कागदात बसते. शिरोरेघ कुठंही तुटली नव्हती. मी अण्णांना हाक मारली, आणि त्यांनी ओळीवरून बोट फिरवून पाहिलं.

आतल्या पानावर मी काही लिहिलं नाही, अण्णांना लिहायला सांगितलं. 'चि. नातीस अनेक उत्तम आशीर्वाद.' एवढं लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. हात फार कापतो हल्ली. मध्ये एकदा पेन खाली ठेवून त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि मग 'आशीर्वाद' पुरं केलं.

स्टेशनवर गाडी येईपर्यंत कार्ड माझ्या पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ताई सारखी डब्यातल्या पोळ्यांबद्दल बोलत होती, तिला दुसरं काही बोलवत नव्हतं. गाडी लागल्यावर भाचीच्या हातात पाकीट दिलं. तिनं तिथंच उघडलं, धक्काबुक्कीत. आधी मारुती पाहिला. "कमरेपर्यंत!" म्हणाली. मग खालची ओळ वाचली, मान वर न करता मला म्हणाली, "करते गं." सकाळी गाडी पोचेल, तेव्हा ताईला आधी करेल, मग मला. तसंच असायला हवं.

स्टेशनला निघताना अण्णांनी मला दारात थांबवलं होतं. प्रेसमधले त्यांच्या बरोबरीचे तिघंच आता उरलेत, एक देवळालीला, दोघं आपापल्या गावी. अण्णा त्यांना अजून पोस्टकार्डं लिहितात, पण वरचा मायना लिहिण्यातच हात दमतो, म्हणून गेल्या दिवाळीपासून लिहिलंच नाही. "तुझ्या त्या दुकानात 'स. न. वि. वि.' करून मिळेल का?" म्हणाले. "तेवढं उठवलं की खालचं मी लिहीन."

चार अक्षरं आणि चार टिंबं. टिंबं बारीक असतात, शाईनं भरून जातात किंवा उठतच नाहीत. जरा ठसठशीत करता येतील का, ते उद्या दुकान उघडल्यावर विचारते. आणि उलटा ठसा तिथंच वाचायला या वेळी अण्णांनाच रिक्षानं घेऊन जाईन, पाऊस थांबला तर.